नाव ठेवताना

आमच्या घरी नात आली ती २०२२ च्या फेब्रुवारीत. देवळ्याच्या शिवारात रांगड्या कांद्याची काढणी जोरात होती, उन्हाळ कांदा निंदणीला आला होता आणि विहिरीकडच्या तुकड्यात गहू ओंबीवर होता. मजूर मिळत नव्हते. त्यामुळं मुलगा वावरात आणि मी दवाखान्यात, अशी कामाची वाटणी झाली. मुलाला पेढे आणि मुलीला जिलेबी हा भेद आमच्याकडं अजून पुरता गेलेला नाही. पण मुलानं पेढेच वाटले, तेही पाच किलो. मला बरं वाटलं.

सहाव्या दिवशी बाळंतीण घरी आली आणि नावाचा विषय निघाला. आत्याचा मान म्हणून माझी लेक सासरहून आली होती. तिनं मोबाइलवर नावांची यादीच काढून आणली होती. त्यातली निम्मी नावं माझ्या जिभेला वळेनात. तिचं वाचून झालं तेव्हा सून बाळाला मांडीवर घेऊन शांतपणे म्हणाली, "आई, मी तर ठरवलंय. हिचं नाव ओंबी."

"कसली ओंबी?"

"गव्हाची. दुसरी कसली असते?"

भगिनींनो, खरं सांगते, मी भडकले. आपल्या भाषेत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका टिंबाचा फरक आहे. मी बारशाच्या आधीच दुसरं काम सुरू केलं. "शेतातला माल आहे का ती? आज ओंबी म्हणता, पुढं मुलगा झाला तर काय वाफसा म्हणून हाक मारणार?" मुलाला गंमत वाटली. तो म्हणाला, "वाफसा नको, पण 'सरी' छान आहे. उसाचीही सरी, पावसाचीही सरी." लेक लगेच म्हणाली, "इंग्रजी शाळेत गेली की पोरं तिला सॉरी म्हणतील." सरी तिथंच संपली.

मग 'ओल' निघालं. हे नाव सुनेलाही आवडत होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर हातभर उकरून ओल किती खोल गेली ते बघतानाचा आनंद शेतकऱ्याशिवाय कोणाला कळणार? शब्द गोड आहे, मी नाही म्हणत नाही. पण ओल म्हटलं की मला घराच्या भिंतीला येते तीही आठवते, आणि चाळीत कांदा ओलीनं सडतो तीही. रोजच्या वापरातल्या शब्दाची हीच अडचण असते. तो आपल्या घरी येण्याआधी बऱ्याच घरी राबून आलेला असतो, आणि तिथलं चांगलं-वाईट सगळं अंगाला लावून येतो.

ओंबीला तसं काही चिकटलेलं नव्हतं. मी विरोध करतच राहिले, पण कारण सांगता येईना. सुनेला वाटलं, सासूला टीव्हीवरचं एखादं झकपक नाव हवंय. तसं नव्हतं. कारण महिनाभर आधीचं होतं.

४ जानेवारी २०२२ ला सिंधुताई सपकाळ पुण्यात गेल्या. हजारो अनाथांची माई झालेली ती बाई. २०२१ सालच्या पद्म पुरस्कारांत तिला पद्मश्री मिळाली होती. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दिवसभर तिचीच कहाणी चालू होती. त्यात सांगितलं, की १९४८ साली वर्धा जिल्ह्यात ती जन्मली तेव्हा घरात मुलगी नको होती, म्हणून तिला चिंधी म्हणायचे. माझी सून तेव्हा आठव्या महिन्यात होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "पोटच्या पोरीला चिंधी म्हणवतं तरी कसं हो, आई?"

मी लसूण सोलत होते. मान वर केली नाही.

माझं नाव चिंधी आहे. शाळेच्या दाखल्यावर चिंधा, घरात चिंधी. सुनंदा हे मला १९७५ साली लग्नात मिळालेलं नाव. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर अक्षरं काढली, आणि सतरा वर्षांची चिंधी त्या ताटातच राहिली. नाव बदलायचा आग्रह सासूबाईंचा होता. "पंगतीत सुनेला हाक मारायची तर चिंधे म्हणू का?" असं त्या म्हणाल्या होत्या. मला वाईट वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं झालं होतं. शाळेत एकदा मास्तर फळा पुसताना सहज म्हणाले होते, "चिंधी आणा रे." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण सगळा वर्ग माझ्याकडं वळून हसला होता. सातवीपर्यंत कोणी ना कोणी फडक्याचा तुकडा माझ्या पाटीखाली ठेवायचं.

आमच्या कसमादे भागात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून जो पट्टा होतो त्यात, जुन्या माणसांची नावं ऐकाल तर सगळी रोजच्या बोलण्यातली. दगडू, धोंडू, कडू, वेडू, निंबा, पोपट, कौतिक, कारभारी, जिभाऊ. बुधवारी जन्मला तो बुधा, सोमवारी जन्मला तो सोमा. बायकांत साखराबाई, केसरबाई, चिमणाबाई, तापीबाई. माझ्या वडिलांचं नाव दगा. त्यांनी जन्मात कोणाला दगा दिला नाही. उलट दोन ठिकाणी स्वतःच खाल्ला.

या नावांपायी सुनांची फार पंचाईत व्हायची. वडीलधाऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, आणि नावच रोजच्या वस्तूचं असलं तर ती वस्तूही तोंडानं घ्यायची नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव निंबा. लग्नानंतर कित्येक वर्षं मी दारातल्या निंबाला 'सावलीचं झाड' म्हणत होते. बांधावर असे तीन निंब. कोणत्या सावलीच्या झाडाखाली भाकर ठेवली, ते सांगता सांगता जेवायची वेळ टळायची. शेजारणीच्या सासूचं नाव साखराबाई. ती दुकानात जाऊन "गोड द्या पावशेर" म्हणायची. दुकानदाराला सवय होती, तो बरोबर साखर बांधायचा. आज हसू येतं. मुलाला रोजच्या वस्तूचं नाव ठेवताना असाही विचार करावा लागेल, हे आता कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

तर माझं नाव. माझ्या आधी आईची दोन मुलं गेली, एक सव्वा महिन्याचं आणि एक वर्षाच्या आतलं. मी झाले तेव्हा आजीनं मला जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं, सुपात घातलं आणि उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेजारणीनं मला तिथून उचललं. आईनं तिला मूठभर बाजरी देऊन मला विकत घेतलं. म्हणजे मी आईची नव्हेच, टाकलेली, कोणाची तरी. सटवाईनं आणि यमानं माझ्याकडं बघायचं कारणच उरलं नाही. केरू, उकिरडा, कोंडाजी, भिका ही नावं पुष्कळदा अशीच आलेली असतात. मुलगा असला तर नाक टोचून त्याला नथू म्हणत. तेव्हा ना लशी होत्या गावोगाव, ना जवळ दवाखाना. आईच्या हातात नावाशिवाय दुसरं औषध नव्हतं. ती म्हणायची, "चिंधीले कोन नजर लावी?" चिंधीला कोण दृष्ट लावणार! हे ती मला मांडीवर घेऊन, केसांतून हात फिरवत सांगायची.

पण जगाला ही मांडी कुठं दिसते? जगाला चिंधी तेवढी ऐकू जाते.

२०१४ साली वडील वारले. वारसनोंदीसाठी आम्हा भावंडांना एका कचेरीत बोलावलं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर चिंधा दगा, आणि आधारवर सुनंदा. दोन्ही बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यात दोन खेपा गेल्या, त्याचं काही नाही. पण त्या दिवशी व्हरांडा माणसांनी भरलेला होता आणि शिपायानं आतून पुकारा केला, "चिंधाबाई कोण आहे?" सगळ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. कोण चिंधाबाई आहे ते बघायला मीसुद्धा मागं बघितलं! शेवटी मालकांनी कोपरानं ढोसलं, "अगं, तूच ना?" मी उठले तेव्हा माझे पाय थरथरत होते. पोरांना हे मी कधी सांगितलं नाही.

म्हणून ओंबी ऐकल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. माझ्या डोळ्यांसमोर गव्हाची ओंबी नव्हतीच, पाटीखालचं फडकं होतं.

आमचा वाद दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी सासूबाई मध्ये पडल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं. पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकतात. खाटेवरून म्हणाल्या, "उंबी काय वाईट शे? तुनं नाव काय व्हतं, ते सांग ना तिले."

घरात एकदम शांत झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट माझ्या सासूनं एका वाक्यात उघडी केली, आणि जिनं ते नाव पुसलं तिनंच. सून माझ्याकडं बघत राहिली. तिला जानेवारीतलं आपलं बोलणं आठवलं असावं. रात्री बाळ झोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी सगळं सांगितलं, सूप, उकिरडा, मूठभर बाजरी. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आई, सिंधुताईंची चिंधी आणि तुमची चिंधी एक नाही. त्यांना टाकायची होती म्हणून चिंधी. तुम्हाला ठेवायची होती म्हणून."

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. माझ्या आईची बाजू माझ्या सुनेनं घ्यावी, याचं मला नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

तिनं मला साताऱ्याची गोष्ट सांगितली. मुलींवर मुली झाल्या की धाकटीचं नाव नकोशी किंवा नकुशा ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी तिकडं काही घरांत समजूत. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात शासनानं समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. मुलींनी आपली नावं आपणच निवडली. कोणी सिनेमातल्या नटीचं घेतलं, कोणी सावित्री घेतलं. मला विचाराल तर सगळ्यांत वाईट नाव ते. दगडू, केरू, चिंधी ही मरणाला फसवायची नावं. नकोशी हे नाव कोणाला फसवत नाही, ते त्या मुलीला खरंच सांगतं. रोज, हाक मारून, आयुष्यभर.

सून शिकलेली, त्यामुळं तिच्याकडं दाखले भरपूर. म्हणाली, नामदेव महाराजांच्या आईचं नाव गोणाई, लेकीचं लिंबाई. चोखोबांच्या बायकोचं नाव सोयरा, बहिणीचं निर्मळा. सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. निवृत्तीनाथांची समाधी तर आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला. आणि निवृत्ती हा शब्द आज पेन्शनीच्या कागदावर असतो. दगडूशेठ हलवायांचं नाव आज गणपतीबरोबर घेतलं जातं. विधवांच्या शिक्षणासाठी झिजलेल्या कर्व्यांचं नाव धोंडो, त्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. खानदेशातल्या असोद्याच्या कवयित्रीचं नाव तर नुसतं बहीण, बहिणाबाई. मी म्हटलं, "अगं, पण ती सगळी मोठी माणसं. मोठ्या माणसाला कोणतंही नाव शोभतं. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपल्यासारख्यांसाठी आहे." त्यावर ती म्हणाली, "मग ओंबीत दाणे तरी खरे असतात."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण मीही शेतकऱ्याची बाई. बी पेरण्याआधी उगवण तपासून बघते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहिरीच्या बांधावर उभी राहिले आणि घराच्या दिशेनं हाक मारली, "ओंबीऽऽ". मुलगा ओट्यावर होता, त्याला स्पष्ट ऐकू आलं. शेवटी ई असली की हाक लांब जाते. हीच हाक 'ओल' म्हणून मारून बघितली, तर बांध ओलांडायच्या आत विरून गेली. शेतात राहणाऱ्यांनी ही परीक्षा जरूर घ्यावी. दुसरी परीक्षा म्हातारपणाची. बाळाला बोबडं नाव गोड दिसतं, पण ते साठाव्या वर्षीही चाललं पाहिजे. ओंबीताई, ओंबीकाकू, ओंबीआजी असं म्हणून बघितलं. ओंबीकाकू जरा अवघड वाटलं. ओंबीआजी मात्र मला फार आवडली.

तिसरी परीक्षा कागदाची. ती मी माझ्या अनुभवावरून घ्यायला लावली. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबवू नये. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत पैसे न भरता आणि पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाईनं काहीतरी लिहून द्यायचं कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदारयादी अशा सगळ्या ठिकाणी जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून लागतो. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं राज्याच्या शासकीय कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. माझी मुलं आज जन्मली असती तर तिथं सुनंदा लिहिलं असतं की चिंधा? आमच्या घरातली पुढची सून लग्नात नाव बदलणार नाही, एवढं मी सांगून ठेवलं आहे.

इंग्रजीत कसं लिहायचं, तेही आधीच ठरवून घ्यावं. आम्ही ठरवलं नाही. लसीकरणाच्या कार्डावर कोणीतरी इंग्रजीवरून परत मराठी करताना 'ओमबी' लिहिलं, आणि ते सुधारायला मुलाचा एक अख्खा दिवस गेला.

बारसं झालं. लेकीनं पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. घुगऱ्या घेताना एक म्हणाली, "बाई, गव्हाच्या हंगामात झाली म्हणून ओंबी. कांदा निघायलाही आला होता हो, थोडक्यात वाचली!" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि तिच्या ओंजळीत घुगऱ्या जरा कमीच टाकल्या.

आता ओंबी अंगणवाडीत जाते. सासूबाई तिला उंबी म्हणतात, शेजारी ओंब्या म्हणतात, आणि ती सगळ्यांना ओ देते. पुढं शाळेत काय होईल ते मला माहीत नाही. चिडवणारी पोरं कोणत्याही नावाला फोडणी देतात. माझ्या वर्गात एका लक्ष्मीलाही चिडवत असत. फाल्गुनात ओंब्या भाजल्या की ती पहिली ओंबी हातावर चोळून माझ्या तोंडात घालते आणि म्हणते, "आजी, मला खा." हे वाक्य तिला कोणी शिकवलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिनं बाहुलीच्या लुगड्यासाठी शिंप्याकडून चिंध्या आणल्या होत्या. ओट्यावर बसून निवडत होती. मध्येच विचारलं, "आजी, तुझं खरं नाव काय?" तिच्या आईनं काही सांगितलं होतं की तिनं आपलंच विचारलं, देव जाणे. ओट्यावर शेजारपाजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. मी सांगितलं, "चिंधी."

ती मुळीच हसली नाही. गाठोडं माझ्यापुढं उलटं केलं, सगळ्या चिंध्या पसरल्या आणि म्हणाली, "यातली कोणती?"

मी एक जांभळी उचलून दिली.